चौदा ठिपके

३ फेब्रुवारी, सोमवार

काल मंडळाचं हळदीकुंकू झालं. मी वाण म्हणून चहाच्या गाळण्या नेल्या होत्या. अन्वीने किल्लीला अडकवायचे छोटे टॉर्च आणले. बायकांनी ते हॉलमध्येच लावून बघितले, एकमेकींच्या तोंडावर मारले, हसल्या. गाळणी कोण लावून बघणार.

अन्वीचं लग्न झालेलं नाही. तरी आईच्या जागी ती वाण आणते. मीनाक्षीला जाऊन तीन वर्षं झाली. कुणी काही म्हणत नाही.

आज ऑफिसात नीनाने आम्हाला बसवून घेतलं. हॉस्पिटलच्या आपत्ती नियोजनात आम्ही तिघी. नीना प्रमुख. मी. आणि आठवड्यातले दोन दिवस भाजलेल्या रुग्णांच्या बर्न्स युनिटमधून येणारी अन्वी. मार्चमध्ये एक सराव आहे, सगळा कागदावरचा. युरोपच्या ईशान्य टोकाला लढाई सुरू झाली असं धरायचं. जखमी सैनिक अमेरिकी विमानांतून येणार. उपचार जर्मनीने आणि आपण करायचे. विमानं त्यांची, बेड आपले. कोण किती भार उचलतं यावरून अमेरिकेत सध्या फार बोललं जातं, म्हणून लंडनला ठाम आकडे हवे आहेत. आमच्या हॉस्पिटलच्या वाट्याला चाळीस बेड आणि ते चालवणारी बासष्ट माणसं.

"शीट मीनल करेल. अमेरिकी पाहुण्यांसमोर अन्वी मांडेल," नीना म्हणाली. "दोघींत सारखं काम."

सरावानंतर एक जागा निघणार आहे. आपलं एक माणूस वर्षभर टेक्सासच्या लष्करी हॉस्पिटलात जाईल, त्यांचं एक इकडे येईल. नाव नीना सुचवणार. ती जागा मला हवी आहे. एकोणीस वर्षांत मी लीड्समधून कुणाच्या वतीने कुठे गेलेली नाही. नवऱ्यालाही, हरीशला, हे सांगितलेलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मी मीटिंगमध्ये बोलते तेव्हा लोक पुढे वाकतात. अन्वी बोलते तेव्हा मागे टेकतात.

ती इथेच जन्मली, इथल्यासारखी बोलते. सर्जनलाही इथल्या बायकांसारखं "लव्ह" म्हणते आणि तो हसतो. मी नागपूरहून आले तेव्हा ती बारा वर्षांची होती. मंडळाच्या गणपतीत माझ्याकडे मोदकाचं सारण ढवळायला बसायची. आता तिला एकतीस पूर्ण झाली आहेत आणि मला तिच्या दोन स्लाइडांसाठी आकडे काढायचे आहेत.

दर जूनमध्ये तिला दोन आठवड्यांची जास्तीची रजा मिळते. ती सैन्याच्या राखीव दलात नर्स आहे, कॅम्पला जाते. परत येते ती रापलेली, चार-पाच नवे किस्से घेऊन. मला कॅम्पला जायचं नाही. चिखलात तंबू ठोकायचे नाहीत. तरी जूनमध्ये तिची खुर्ची रिकामी दिसली की मला वाटतं, कुणीतरी तिला बोलावलं आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अन्वी माझ्या टेबलाशी आली.

"मावशी, तुमची शीट मी बघू शकते? माझा नाव कुठल्या लाइनमध्ये आहे, फक्त ते."

ऑफिसात मावशी म्हणू नकोस, असं तिला दोनदा सांगून झालं आहे. मी म्हटलं, काम पूर्ण झालं की सगळ्यांना मिळेल. स्वतःचं नाव बघायचं आहे. स्लाइडवर आधी स्वतःला शोधणारी माणसं असतात.

ती तरी उभी राहिली. मग म्हणाली, एक फॉर्म भरायचाय, त्यात कॉन्टॅक्ट म्हणून माझं नाव आणि मोबाइल नंबर दिला तर चालेल का.

मी लगेच समजले. पाहुण्यांच्या गाड्या, गेटवरचे पास, कुणाची बॅग हरवली. भाषण तिचं आणि फोन माझ्यावर.

"मोबाइल देऊ नकोस," मी म्हटलं. "ऑफिसचं एक्स्टेन्शन दे."

"पाचनंतर कोण उचलत नाही ना पण."

"पाचनंतर मी घरी असते."

तिने एक्स्टेन्शन लिहून घेतलं. पेनाचं टोपण लावायला तिला बराच वेळ लागला.

१८ फेब्रुवारी

बासष्ट नावं भरून झाली. तक्ता सुंदर दिसतो आहे. हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

हरीश काल लंडनजवळच्या क्रॉयडनहून आला. सोमवार ते गुरुवार तो तिकडच्या ऑफिसात असतो. आज सकाळी पाच शर्टांना इस्त्री करत होता. मी त्याला तक्ता दाखवला. कौतुक करण्याआधी तो नेहमी एक प्रश्न विचारतो.

"ही अन्वी म्हणजे आपली, कमलाकरकाकांची मुलगी?"

"हो."

"ती जूनमध्ये कॅम्पला जाते ना? मग खरीच लढाई लागली तर ती इथे असेल की तिथे?"

मी तक्त्यात तिचं नाव शोधलं. त्याने शर्ट हँगरवर चढवला, वरचं बटण लावलं.

"नाही, मला त्यातलं काही कळत नाही," तो म्हणाला. "तक्ता छान झालाय."

२४ फेब्रुवारी, सोमवार

चौदा.

ऑफिसात दार लावून बसले. पाच वर्षांचे ड्यूटी रोस्टर उघडले. राखीव दलाच्या रजेला वेगळा कोड असतो. बासष्टपैकी चौदा जणांच्या नावापुढे तो आहे. बर्न्स युनिटच्या सहा नर्स, चार भूलतज्ज्ञ, दोन सर्जन, दोन फिजिओ. लढाई लागली की हे चौदा जण सैन्याच्या फील्ड हॉस्पिटलात जाणार. आणि ते फील्ड हॉस्पिटल आपण याच सरावात, दुसऱ्या कागदावर, मित्रदेशांच्या आघाडीला देऊ केलं आहे. माणसं तीच. एकदा तिकडे मोजली, एकदा इकडे.

चाळीस बेड चालणारच नाहीत. एकतीस चालतील.

तक्त्यात एक जास्तीचा कॉलम काढला आणि चौदा नावांपुढे ठिपके दिले. मग तो कॉलम लपवला. आकडा चाळीसच ठेवला.

२५ फेब्रुवारी

नीनाला सांगितलं नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

माझं म्हणणं मी नीट लिहून काढते, म्हणजे मलाच वाचता येईल.

एक, चूक माझी आहे. सांगितली तर टेक्सास गेलं. दुसरं, अन्वी स्वतः त्या चौदांतली आहे. पाहुण्यांसमोर ती चाळीस म्हणेल. कुणीतरी सैनिक माणूस विचारेल, बाई, तुम्ही त्या दिवशी कुठे असाल? तिच्याकडे उत्तर नसेल. चूक तक्त्याची असली तरी तोंड तिचं असेल. लोक तोंड लक्षात ठेवतात.

वाचलं. माणसाने असं लिहू नये. खोडत नाही.

४ मार्च, मंगळवार

रंगीत तालीम झाली. अन्वी चांगलं बोलते. चाळीसच्या स्लाइडवर ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

"मीनल, इज धिस फायनल?" तिने नावाने विचारलं, मावशी म्हणाली नाही.

मी म्हटलं, आकडे माझे, तू बोल.

"ओके," ती म्हणाली. मग तीच स्लाइड मागे नेऊन पुन्हा लावली. मला वाटलं, पुढचं वाक्य विसरली.

नंतर पॅन्ट्रीत ती कप विसळत होती. मराठीत म्हणाली की बाबांना दर गुरुवारी रक्त तपासायला न्यावं लागतं. कधी तिला जमलं नाही तर मी जाऊ शकेन का. नेमकं गुरुवारी. गुरुवारी मी काय करते ते तिला माहीत असायचं कारण नाही, पण माझ्याकडे वेळ असणार हे तिने धरलंच होतं. सध्या कठीण आहे, असं म्हटलं.

सध्या काहीच कठीण नाही.

११ मार्च, मंगळवार

पाहुणे आले. कर्नल डेलनी उंच, पांढऱ्या भुवयांचा, मूळचा फिजिशियन. बरोबर दोघे. दुपारी नीनाने सँडविचेस मागवली होती. कर्नलने माझा हात हातात घेतला आणि नाव दोनदा विचारलं. अन्वीचं एकदाच. दहा मिनिटांत ते दोघं तंबूतल्या कुठल्याशा स्टोव्हवरून हसत होते. दोघांनीही तसला स्टोव्ह पेटवताना भुवया जाळून घेतल्या होत्या. भुवया जाळून घेण्याचाही हेवा करता येतो.

जेवताना एक गोष्ट कळली. कागदावरचं पहिलं विमान जर्मनीत उतरणार आहे, दुसरंही. आपल्याकडे तिसरं येतं. जर्मनांनी साठ बेड दिले म्हणे. नीनाचा चेहरा उतरला. तिने दोनदा विचारलं की हा क्रम कुणी ठरवला. मग लंडनहून आलेल्या माणसाने विचारलं. कर्नल म्हणाला, नकाशावर ते जवळ आहे, बस. कुणाचं समाधान झालं नाही. सगळ्यांना जखमी माणसं आधी आपल्याकडे हवी होती.

मला बरं वाटलं. हा आजार एकट्या माझा नव्हता.

१२ मार्च, बुधवार

जसं झालं तसं लिहिते.

खोलीत वीस जण होते. मी मागच्या रांगेत, लॅपटॉप घेऊन. अन्वी उठली. चाळीसची स्लाइड आली. तिने स्लाइडकडे पाठ केली.

ती म्हणाली, हा आकडा खरा नाही. कागदावर चाळीस आहेत. प्रत्यक्षात एकतीस. बासष्ट माणसांतली चौदा फील्ड हॉस्पिटलातही मोजली आहेत. "मी त्यातली एक आहे. मी तंबूत असेन तर बर्न्स युनिटमध्ये नसेन. मला दोन्हीकडे उभं राहायला आवडेल, पण मी एकच आहे."

लंडनचा माणूस नीनाकडे बघत होता. मी लॅपटॉप अर्धा मिटला.

कर्नलने चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्याने बरोबरच्या बाईंना हळू काहीतरी विचारलं. त्यांनी मान हलवली. मग तो म्हणाला की त्यांच्या विमानांवरच्या डॉक्टर-नर्समध्ये तिघांतले दोघे राखीव दलाचे आहेत. एरवी ते साध्या हॉस्पिटलांत काम करतात. आणि घरी परतलेले जखमी सांभाळायला त्यांनी तीच हॉस्पिटलं धरली आहेत.

"आम्हीही मोजलेलं नाही," तो म्हणाला. "तुम्ही आम्हाला विमानांबद्दल विचारणार नाही, या भरवशावर आम्ही तुम्हाला बेडबद्दल विचारत आलो."

पहिल्यांदा हसली ती नीना. मग सगळ्यांचेच खांदे सैल झाले. जेवणापर्यंत दोन्ही बाजूंची माणसं एकाच टेबलावर वाकली होती. एकेक नाव घ्यायचं आणि ठरवायचं, हा माणूस एकच आहे, कुठे ठेवायचा. आपली चौदा माणसं तंबूत गेली तर त्यांनी पाठीमागे कोण द्यायचं. त्यांची विमानं कमी पडली तर आपली कुठली. महिन्याभरात पहिल्यांदा मला हे काम आवडलं.

पण त्याआधी कर्नलने विचारलं होतं, हे शोधलं कुणी?

"मीनलने," अन्वी म्हणाली. "तिच्या शीटमध्ये सगळं आहे. चौदा नावांपुढे ठिपके आहेत."

सगळ्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. कर्नल उठून आला आणि दोन्ही हातांनी हात मिळवला. या वेळी त्याने नाव विचारलं नाही.

मी नाही म्हणाले नाही.

१३ मार्च, गुरुवार

तिला पार्किंगमध्ये गाठलं.

"तुला केव्हापासून माहीत होतं?"

"नावांचं? आधीपासून. मी स्वतः आहे ना त्यात. तुमचा कॉलम नंतर दिसला. शीट सगळ्यांना पाठवली ना, त्यात हिडन होता. तालमीच्या आदल्या दिवशी अनहाइड केला."

म्हणजे तालमीत "इज धिस फायनल" विचारताना ती वाक्य विसरलेली नव्हती.

"मग माझं नाव का घेतलंस?"

"ठिपके तुम्हीच केले ना? मी काय सांगू, कोणी केले?"

तिचा आवाज साधा होता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, टेक्सासची जागा तुलाच मिळायला हवी. हे खरं नव्हतं, पण म्हटलं.

"मी तिकडे कशी जाणार मावशी? मला आर्मीचा कॉल-अप आलाय. एस्टोनिया, एप्रिल टू ऑक्टोबर. सराव नाही, खरं. फेब्रुवारीत पेपर आला."

"आणि सांगितलं नाहीस."

"सांगायलाच आली होती. शीट बघू का विचारलं ना, तेव्हा. माझा नाव काढा म्हणून."

गाडीचं दार उघडं ठेवून ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती. मी म्हटलं, थंडी असेल तिकडे. ती म्हणाली, हो, लीड्सपेक्षा थोडी जास्त.

ती कधी स्पर्धेत नव्हतीच. दीड महिना मी एकटीच धावत होते.

२० मार्च, गुरुवार

नीनाने टेक्साससाठी माझं नाव दिलं. सप्टेंबरपासून. "तू चूक शोधलीस आणि ती बाहेर येऊ दिलीस. फार थोडे लोक असं करतात," ती म्हणाली. मी आभार मानले.

हरीशला फोन केला. तो म्हणाला, अरे वा. मग म्हणाला, पण तो प्रश्न मी विचारला होता. मी म्हटलं, हो. तो म्हणाला, ठीक आहे, इस्त्री करताना पुन्हा काही सुचलं तर कळवीन.

हवी होती ती गोष्ट मिळाली. ती अन्वीच्या हातून आली आहे. घरभर फिरले, कुठे ठेवावी कळेना.

४ एप्रिल, शुक्रवार

अन्वी गेली. जाण्यापूर्वी ऑफिसात सगळ्यांनी कार्डावर लिहिलं. नीनाने कवितेसारखं काहीतरी, बर्न्स युनिटच्या मुलींनी बदाम काढले. मी लिहिलं, "काळजी घे. मीनल." बाकी जागा तशीच राहिली. मग "मीनल"पुढे काहीतरी लिहायचं मनात आलं, तोवर कार्ड पुढे गेलं होतं.

सुधारलेल्या तक्त्यात तिचं नाव आता एकदाच आहे. बर्न्स युनिटमध्ये नाही.

काकांना गुरुवारी न्यायचं मी स्वतःहून म्हटलं. तिने ताबडतोब क्लिनिकचा पत्ता पाठवला. आधीच टाइप करून ठेवला असावा.

१० एप्रिल, गुरुवार

कमलाकरकाकांना घेऊन गेले. बहात्तर वर्षांचे, उंच, ताठ. छापखान्यात पस्तीस वर्षं काढली, त्यात कान गेले. आपण ओरडतो आहोत हे त्यांना कळत नाही. वेटिंग रूममधल्या सगळ्यांनी ऐकलं.

"अन्वी म्हणाली, मीनल मावशी नेईल. मी म्हटलं, ती कशाला नेईल? तिला तिची कामं आहेत. तर म्हणते, आई गेली तेव्हा तेरा दिवस डबा कोणी आणला?"

तेरा दिवस डबा मी नेला होता. शेजारधर्म म्हणून नेला. रोज दार अन्वीच उघडायची, कालचा डबा घासून परत द्यायची. आम्ही फार बोलायचो नाही. मीनाक्षीशी माझं तसं काही खास नव्हतं. मंडळात शेजारी बसायचो, एवढंच.

"फोन मला ऐकू येत नाही," काका म्हणाले. "सैन्याचा फोन आला तर? म्हणून तिने फॉर्मवर तुझा नंबर दिलाय. फेब्रुवारीतच. तुला विचारूनच दिलाय म्हणाली."

नर्सने त्यांचं नाव पुकारलं. त्यांना ऐकू आलं नाही. मी त्यांचा कोपर धरून उठवलं.

विचारलं होतं. माझ्या टेबलाशी उभी राहून विचारलं होतं. तिला काही झालं, तर एक फोन पाचनंतर एका रिकाम्या खोलीत वाजत राहिला असता.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी सैन्याच्या त्या ऑफिसला फोन लावला. वीस मिनिटं थांबवून ठेवलं. मग एक बाई आल्या. माझं नाव, अन्वीचं नाव, तिचा सैन्यातला नंबर सांगितला. त्यांनी फाइल उघडली.

"हो, आहे तुमचं नाव. नातं, मावशी."

मी म्हटलं, बरोबर.

त्यांनी जुना नंबर वाचून दाखवला, एक्स्टेन्शनसकट. तो काढा, म्हटलं. मोबाइल नंबर सांगितला. पुन्हा सांगितला. त्यांच्याकडून एकदा म्हणवून घेतला. हरीशचाही दिला. सप्टेंबरपासून माझा नंबर बदलेल, तेव्हा मी स्वतः कळवीन, असंही म्हटलं. ती ऑक्टोबरच्या सुरुवातीला येते. मधले सप्टेंबरचे चार गुरुवार काकांना न्यायला कुणी नाही. हरीशला काल सांगितलं, तो म्हणाला, तेवढे मी घरून काम करीन.

"झालं," त्या बाई म्हणाल्या. "दुसरा कॉन्टॅक्ट अपडेट केलाय."

"दुसरा?"

"हो. तुम्ही दुसऱ्या आहात."

मी विचारलं, पहिलं नाव कुणाचं आहे? त्या म्हणाल्या, ते सांगता येत नाही.

वडिलांचंच असणार. ऐकू येत नसलं तरी वडील आहेत, दुसरं कुणाचं असेल. फोन ठेवण्याआधी मी पुन्हा एकदा विचारलं.